धारांच्या वेळेआधी

विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, जिथं हिमनद्या
वाट वाकडी करून गेल्या आणि टेकड्या तशाच राहिल्या,
तिथल्या एका नऊ होलच्या मैदानावर
दहा रकान्यांचा तक्ता घेऊन मी उभा आहे.
गुण द्यायला आलोय.

आखणारा लोरेंझ हॉफ्लर.
पाटीवर नाव नाही. क्लबच्या भिंतीवर
धरलेल्या माशांचे फोटो आहेत, चोपन्न सालच्या बर्फाचा एक आहे,
त्याचा नाही.
जिल्ह्याच्या दप्तरात त्याचा धंदा : चर खणणारा.

वर्ना टॉफ्टनेस इथलं गवत राखते. एकोणतीस वर्षं झाली.
म्हणाली, सतरा मैदानं केली त्यानं.
नकाशावर टाचण्या लावून बघा,
सगळी त्याच्या गोठ्यापासून चाळीस मैलांच्या आत.
कच्चे रस्ते, खोकणारी गाडी,
आणि संध्याकाळी पाचला बावीस गाई.

थोरांच्या शैलीवर आम्ही जाडजूड ग्रंथ लिहितो.
याच्या शैलीचा परीघ
कासांनी ठरवला.

तिसरं ग्रीन मागं उतरतं,
खेळणाऱ्याकडे सरळ पाठ करून.
मी लिहिलं : चूक.
मग गुडघे टेकले, गवताला गाल लावला.
मागं ओढा, ओढ्यापलीकडे मका,
आणि पडायच्या आधीच पाणी कुठं जाणार
हे दिसणाऱ्या माणसाची नजर.
लिहिलेलं खोडलं नाही. शेजारी प्रश्नचिन्ह घातलं.
तक्त्यात प्रश्नचिन्हाला गुण नाहीत.

पाचव्यावरचा उंचवटा पाहून मात्र हरखलो.
लाटेसारखा उठतो, चेंडूला खांद्यावर घेतो,
हळूच डावीकडे सोडतो.
समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या हाती हे आलं कुठून?
झरझर लिहिलं : स्कॉटिश किनाऱ्याचा प्रभाव.
वर्नानं वाकून वाचलं.
'खाली खडक आहे,' म्हणाली,
'चार घोडे लावले, हलला नाही.
मग माती टाकली, बी पेरलं, गेला पुढं.'

सातवा वाईट आहे.
सुतळीसारखा सरळ, उगाच लांब,
आणि बंकर असा, की कुणाच्याच वाटेत येत नाही,
रिकाम्या ताटातला खडा.
वर्ना म्हणाली, पैसे संपले असतील.
नाहीतर एखादी गाय व्यायला झाली असेल.
दोन्ही कारणं पटली मला.
तरी दहापैकी तीनच दिले.
चौथा दिला असता तर तो दयेचा असता,
आणि कुणाची उसनवारी त्यानं कधी ठेवल्याचं
या खोऱ्यात कुणी सांगत नाही.

किनाऱ्यांवरची नावाजलेली मैदानं पाहिलीत मी.
अर्धं काम वाऱ्यानं आणि वाळूनं आधीच केलेलं,
सही मात्र एकाची.
तिथं घडवलेला गज घेऊन मी इथं आलो
आणि दिवसभर चिकणमाती मोजली.
काही ठिकाणी ती खरंच कमी भरली, हे लपवत नाही.
काही ठिकाणी गजच आखूड पडला,
आणि त्याला तक्त्यात रकाना नाही.

नववा इतका आखूड, की हातातली काठी बदलेपर्यंत संपतो.
मी लिहायला घेतलं : शेवट कमकुवत, घाईचा.
'सतराही मैदानांवर असाच आहे,'
वर्ना यंत्रात तेल ओतत म्हणाली,
'शेवटचा नेहमी तोकडा.'

मनगटावर पावणेपाच.
खाली खोऱ्यात कुठल्यातरी गोठ्याचं दार
लोखंडावर लोखंड घासत उघडलं.
पेन्सिल 'एकूण' वर तशीच टेकलेली.
यंत्र सुरू झालं. मी बरोबर त्याच्या पट्ट्यात उभा होतो,
आणि वर्ना हात करून सांगत होती,
सरका, बाजूला सरका.